माक्याच्या जागी

विहीणबाईंचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढे वाचताना तुम्ही आशेने बसणार नाही, की शेवटी या दोघी बायका एकमेकींचे डोळे पुसतील. तसलं काही झालं नाही. झालं ते एका झाडावरून झालं, आणि झाड म्हणजे तरी केवढं, कुंडीत वीतभर.

पण आधी झाडाचंच सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल म्हातारीला एवढं लागायला काय झालं होतं.

माझी मुलगी अमेरिकेत, ॲरिझोनात असते. हे रिटायर झाल्यावर आम्ही दोघं एकदा तिच्याकडे जाऊन राहिलो होतो. हे एसटीच्या डेपोत मेकॅनिक. आमचा भाग आटपाडीकडचा, दगड, कुसळं आणि ऊन. मला वाटलं होतं अमेरिका म्हणजे हिरवंगार असेल. तिकडे जाऊन बघते तर सगळं आमच्यासारखंच, फक्त मोठं आणि त्यात गाड्या. हे मात्र खूश. रोज सकाळी फिरायला जायचे आणि रस्त्याच्या कडेला एका जागी थांबायचे. नुसती खडी होती तिथे, कुणी कधी तांब्याभर पाणी घातलं नसेल, आणि त्या खडीत पिवळीधमक फुलं. शेवंतीच्या नात्यातली वाटावीत अशी. पानं मात्र करडी, बारीक लोकर लावल्यासारखी. मुलगी म्हणाली याला डेझर्ट मेरीगोल्ड म्हणतात, वाळवंटातलं रानफूल आहे, कुणी लावत नाही, आपलं आपण येतं.

ह्यांनी वाळलेली फुलं चुरगाळून बी गोळा केलं आणि तपकिरीच्या डबीत भरलं. डबी रिकामी करायची म्हणून तपकीर सोडली, असं मुलीला सांगितलं. खिशात दुसरी डबी होती. मला म्हणाले, आपल्या माळावर टाकू. विहिरीच्या वरच्या अंगाला, जिथे कुसळसुद्धा धड येत नाही, तिथे. माणसं विचारतील हे कुठलं, मग सांगू.

ते टाकायचं राहून गेलं. परत आल्यावर दोन-चार महिन्यांतच हे गेले. मुलगा मला सिंगापूरला घेऊन आला, आणि माझ्या पिशवीत कपड्यांच्या घडीत ती डबी आली.

मुलाचा फ्लॅट यिशुनला. भाड्याचा, दोन बेडरूमचा. तो रॅफल्स प्लेसला एका बँकेत कॉम्प्युटरचं बघतो, सून पण नोकरीला. दोघं सकाळी एमआरटीच्या गाडीने जातात ते दिवे लागल्यावर येतात. नात शाळेत. मग मी आणि कॉरिडॉर. आमच्या मजल्यावर सगळ्यांची दारं एका लांब कॉरिडॉरवर उघडतात, आणि दुपारनंतर त्या कॉरिडॉरवर असं ऊन येतं की चप्पल बाहेर राहिली तर पायात घालवत नाही. वर छप्पर, त्यामुळे पाऊस आत येत नाही. मी म्हटलं, सगळ्या सिंगापुरात वाळवंट कुठे असेल तर ते माझ्या दाराबाहेर.

बी जुनं होत चाललं होतं. बी फार दिवस ठेवलं की मरतं, हे मला काही कुणी शिकवायला नको. सगळं मरण्यापेक्षा थोडं लावून बघू, झाड आलं तर नवं ताजं बी धरेल, ते घेऊन गावी जाऊ आणि माळावर टाकू, असा माझा हिशोब. खालच्या दुकानातून माशांच्या टाकीत घालतात ती खडी आणली, तिच्यात थोडीच माती. कुंडीखाली ताटली ठेवली नाही, कारण पाणी साचलं की डेंग्यूवाले तपासायला येतात आणि दंड करतात. ताटली नाही ते झाडालाही बरंच. पहिल्या वेळी काही आलं नाही. दुसऱ्या वेळीही नाही. तिसऱ्या वेळी डबी झटकून उरलंसुरलं सगळं टाकलं, तेव्हा एकच आलं. डबीत मग तपकिरीचा वास तेवढा राहिला.

त्या एकाला मी जपलं. पाणी अगदी चमच्याने, तेसुद्धा खडी कोरडी ठक्क झाल्यावर. नातीला सांगून ठेवलं, हात लावायचा नाही. शेजारची चिनी बाई दारात उदबत्त्या लावायची, संत्री ठेवायची, तिलाही खुणेने सांगून ठेवलं. झाडाला कळ्या आल्या आणि त्याच आठवड्यात विहीणबाई आल्या.

विहीणबाई म्हणजे सुनेची आई, पुण्याच्या. शाळेत शास्त्र शिकवायच्या, रिटायर झालेल्या. यजमान पुण्यात ठणठणीत. गणपती उरकून लेकीकडे आल्या, तीन महिन्यांसाठी. फ्लॅटमध्ये दोनच खोल्या, म्हणजे एकीत मुलगा-सून आणि दुसरीत नात आणि आम्ही दोघी विहिणी. आता तुम्हीच बघा. लग्नात मानापानावरून ज्या दोघींचं वाजलं होतं, त्यांना एका खोलीत समोरासमोरच्या पलंगांवर झोपायचं.

भांडण कधी झालं नाही हो. ते झालं असतं तर बरं झालं असतं. आमचं सगळं अहो-जाहोत. त्या सकाळी चहाचा घोट घेऊन म्हणायच्या, "विहीणबाई, चहा छान झालाय, अगदी सरबतासारखा." मी म्हणायची, तुमच्याकडे बिनसाखरेचा असेल, शिकलेल्या घरात काटकसर असतेच. त्या एसी लावायच्या, मी बंद करायची. त्या फोनवर मोठ्याने स्तोत्रं लावायच्या, मी उठून भांडी घासायला घ्यायची, तीही मोठ्याने. माझ्या भाकरीला त्या हौसेचा पदार्थ म्हणायच्या. कुणी पाहुणी आली की तिला हळदीकुंकू लावायच्या आणि माझ्यापुढून करंडा अलगद उचलून न्यायच्या, मी जणू तिथे ठेवलेली खुर्ची. ते मी बघून न बघितल्यासारखं केलं. ठेवून दिलं मनात, कुठे जाणार होतं ते.

झाडाकडे मात्र त्यांनी पहिल्या दिवशी नीट वाकून बघितलं. चष्मा वर-खाली केला. म्हणाल्या, हे ॲस्टरेसी कुळातलं. सूर्यफूल, शेवंती, झेंडू, आपला माका, सगळे एकाच घरचे. एक फूल दिसतं पण ते एक नसतं, बारीक बारीक शेकडो फुलं एका गोंड्यात बसलेली असतात, प्रत्येकाचं बी वेगळं. खोटं कशाला बोलू, मला ते ऐकायला आवडलं. शेकडो बिया म्हटल्यावर मला माळ दिसायला लागला. दुसऱ्याच दिवशी त्यांनी देवाचं तांब्यातलं पाणी कुंडीत ओतलं. का, तर पूजेचं पाणी झाडालाच घालायचं असतं. मी कुंडी उचलून तिरपी धरली आणि ते सगळं निथळून जाईपर्यंत त्यांच्यासमोर उभी राहिले. नंतर त्यांनी पाणी मोरीत ओतलं, पण ओतताना रोज एकदा माझ्याकडे बघायच्या.

दोन फुलं आली. मी निरांजनातली कोरी फुलवात घेऊन या फुलावरून त्या फुलावर फिरवायची, म्हणजे बी धरेल. कारण त्या सुमाराला बाहेर माशीसुद्धा दिसेना. शेजारच्या देशात रानं पेटली होती आणि त्याचा धूर सगळ्या सिंगापूरवर येऊन बसला होता. समोरची बिल्डिंग दिसेना. सूर्य म्हणजे ताटात हळद सांडल्यासारखा. लोक तोंडाला मास्क लावून फिरायचे, सून दर तासाला फोनवर हवेचा आकडा बघायची, दारं-खिडक्या बंद. म्हणजे बघा, घरात आम्ही दोघी आणि हवा सुद्धा कोंडलेली.

नात खोकायला लागली. आता अख्खं सिंगापूर खोकत होतं. पण पितृपक्ष लागला होता, आणि विहीणबाईंच्या मनाने घेतलं की हा खोकला काही धुराचा नाही. सुनेला म्हणाल्या, जावईबापूंनी वडलांचं काहीच केलेलं नाही, म्हणून घरात आजारपण. मी म्हटलं, तसं असेल तर या बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या सासऱ्यांचं राहिलेलं दिसतंय, चिनी धरून. कुणी हसलं नाही.

ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की माझ्या मागे कावळ्यांना बोलवत बसू नका, त्यांची पोटं भरलेली असतात. मुलाला ते ठाऊक होतं. पण तो सुनेच्या तोंडाकडे बघायचा, सून आईच्या, आणि पोर खोकत होती. मला म्हणाला, आई, एका दिवसाचं आहे, होऊ दे. मी म्हटलं होऊ दे. स्वयंपाकाला मी लागते, खीर मी करते, वडे मी तळते, पण मला पुढचं काही विचारू नका.

मग विहीणबाई कामाला लागल्या. त्यांना सगळं साग्रसंगीत हवं. तीळ मिळाले, दर्भ लिटल इंडियात मिळाला, माका काही मिळेना. श्राद्धाला माका लागतोच, त्याशिवाय पितरांना पोचत नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्याकडे ओढ्याकाठी पायाखाली येतो तो, इथे कुठून आणायचा? दोन वेळा जाऊन आल्या. तिसऱ्या वेळी दुकानदाराने माका म्हणून केसांना लावायच्या तेलाची बाटली दिली, तिच्यावर माक्याचं चित्र होतं. ती बाटली घेऊन त्या घरी आल्या तेव्हा घामाने भिजलेल्या, मास्क गळ्यात, आणि चेहरा असा की मी स्वयंपाकघरात जाऊन हसले. ऐकू गेलं असणार. जाऊ दे, गेलं तर गेलं.

ह्यांच्या तिथीला पहाटेच अंघोळ, स्वयंपाक उरकून, मांडामांडीकडे न बघता मी नेहमीसारखी दार उघडून बाहेर गेले. दोन्ही फुलं आता जुनी झाली होती. पाकळ्या खाली वळून कागदासारख्या झाल्या होत्या, पण गळत नव्हत्या. मधला गोंडा फुगून आला होता. अजून थोडे दिवस झाडावर राहिली असती तर बी पक्कं झालं असतं. मी रोज बोटाने हलकेच दाबून बघायची.

कुंडीत खडी होती. खडीत एक बुडखा, कात्रीने सरळ कापलेला. पान नाही, फूल नाही.

धुरात मी तशीच उभी राहिले. मग मला शेजारणीची उदबत्ती दिसली, संत्री दिसली, आणि मी म्हटलं हिनेच. हिनेच नेलं आपल्या देवाला. तिच्या जाळीच्या दारावर मारायला मी हात उचलला होता. मागून नात आली, मास्क लावलेली, शाळेचा गणवेश घातलेला. माझा हात धरून इथल्या पोरांच्या बोलीत म्हणाली, "आजी, नॉट हर. पुण्याच्या आजीने कट केलं ऑलरेडी लाह. फॉर आजोबा."

आत मुलगा पाटावर बसला होता, कमरेला सोवळं म्हणून कोरा टॉवेल गुंडाळलेला, अर्ध्या दिवसाची रजा काढलेली. ह्यांचा फोटो भिंतीला टेकवलेला. समोर केळीच्या पानावर नैवेद्य वाढलेला. माझी खीर, माझे वडे. एका कडेला तीळ, दर्भ, आणि तिथे माझं झाड. त्याची पानं माक्यासारखी जुडी करून ठेवलेली, दोन फुलं भातावर. विहीणबाई फोनवर बघून मुलाला पुढचं सांगत होत्या.

मी विचारलं, "हे कुणाला विचारून कापलंत?"

त्यांनी मान वर केली नाही. "माका मिळाला नाही, विहीणबाई. हे त्याच कुळातलं. माक्याच्या जागी चालतं. आणि मी काही माझ्या माहेरच्या देवाला नाही नेलं, तुमच्याच माणसाला वाहिलंय."

"त्यांना फूल नको होतं. बी हवं होतं."

"गेलेल्या माणसाला बी काय करायचंय?"

मुलगा म्हणाला, आई, आता झालं ते झालं, बस ना जरा. सून दारात उभी. मी बसले नाही. वाकले आणि पानावरची दोन्ही फुलं उचलली, पानांची जुडी उचलली, फुलांना चिकटलेली भाताची शितं पदराने पुसली.

विहीणबाई खरोखरच दचकल्या. "अहो, पितरांच्या पानातलं उचलायचं नसतं. घरावर येईल."

मी म्हटलं, "माझ्या नवऱ्याच्या पानातलं मी जन्मभर उचलत आले. कधी विचारलं नाही, आणि ते कधी रागावले नाहीत."

आणि मी आमच्या खोलीत गेले. त्या मागे काहीतरी बोलत होत्या, पुण्याचं शुद्ध, एकेक शब्द निवडून. मुलाने उरलेलं कसंबसं उरकलं. नैवेद्य बाहेर कठड्यावर ठेवला तर कावळा कुठला यायला, मैना आल्या आणि वडा पळवून गेल्या. विहीणबाईंनी त्या दिवशी माझ्या हातची खीर खाल्ली नाही. मी दोन वाट्या खाल्ल्या.

त्यानंतर त्या पुण्याला परत गेल्या त्या दिवसापर्यंत आमच्यात थेट एक शब्द झाला नाही. एकाच खोलीत झोपायचो, एकाच ओट्यावर चहा करायचो. जे काही असेल ते नातीमार्फत. तुझ्या आजीला सांग आमटीत मीठ नाही. तुझ्या आजीला सांग, मीठ डब्यात आहे, डबा फळीवर आहे आणि हात सगळ्यांना असतात. पोरीची मराठी त्या काळात फार सुधारली. सून एकदा मला म्हणाली की आई चुकली असेल, पण तिने मनाने चांगलंच केलं होतं. मी तिला म्हटलं, तुझ्या आईला शास्त्र येतं. शेकडो बिया असतात हे तिनेच मला सांगितलं होतं. ज्याला माहीत नाही त्याचं एक वेळ सोडता येतं. सून बिचारी दोन्हीकडून सापडली होती, पण त्याला मी काय करणार? मला तिच्यासाठी वाईट वाटायचं, आणि तरी तिच्या आईचा एसी बंद करायची मी एकही संधी सोडली नाही.

विमानतळावर मुलगा-सून पोचवायला गेले. घरातून निघताना विहीणबाई वाकल्या, रीत म्हणून. मी पाय मागे घेतले. त्यांनीही फार ताणलं नाही.

ती दोन फुलं मी कागदावर ठेवून पलंगाखाली वाळवली होती, त्यांच्या पलंगापासून लांब. या फुलांचं एक आहे, ती वाळली तरी मान टाकत नाहीत. तशीच राहतात, पिवळी, नुसती खडखडीत होतात. धूर गेला, आकाश धुतल्यासारखं झालं, कॉरिडॉरवर पुन्हा ऊन यायला लागलं. मग मी एका दुपारी गोंडे बशीत चोळले. बहुतेक बी पोकळ निघालं, फुंकर मारली की उडून जाईल असं. रोपाने पोसायच्या आधीच कापलेलं, दुसरं काय होणार? पण काही बोटाला टोचलं. बारीक, तपकिरी, भरलेलं. थोडंच. ते मी निवडलं, डबीत भरलं, आणि त्यातलं चिमूटभर बाजूला काढून त्याच कुंडीत टाकलं, त्याच खडीत. ते उगवलं तर डबीतलं जिवंत आहे असं समजायचं आणि गावी जायचं तिकीट काढायला सांगायचं. नाही उगवलं तर डबी समुद्रात टाकून द्यायची. मुलाला मी हे सगळं सांगितलं नाही. तो लगेच इंटरनेटवरून नवं पाकीट मागवू का म्हणाला असता. ह्यांनी हाताने गोळा केलेल्या बियांतून आलेलं ते हे, पाकिटातलं कशाला?

मग नेहमीचंच. चमच्याने पाणी आणि वाट बघणं. शेजारीण उदबत्ती लावायला आली की तीही कुंडीत डोकवायची आणि मान हलवायची. तिच्यावर मी हात उचलला होता हे तिला कधी कळलं नाही, ते बरंच आहे.

आणि एका सकाळी खडीत दोन दाणे हिरवे दिसले. मी खाली बसले, तिथेच कॉरिडॉरमध्ये, आणि बराच वेळ उठले नाही. गुडघ्यांमुळेही असेल. पाठोपाठ करडी पानं आली, लोकर लावलेली. म्हणजे झालं. डबीतलं जिवंत होतं.

त्या रविवारी सून कॉरिडॉरमध्ये कपडे वाळत घालता घालता आईशी व्हिडिओवर बोलत होती. मी कुंडीपाशीच होते. पलीकडून विहीणबाईंनी विचारलेलं मला ऐकू आलं, की काय गं, त्या झाडाचं पुढे काही झालं का? आवाजात काळजी होती की काय होतं, मला माहीत नाही, आणि मी ते शोधायलाही गेले नाही. सुनेने माझ्याकडे बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. तिला वाटलं असेल आता काहीतरी गोड होईल.

पण मला पुढचं सगळं दिसत होतं हो. मी हो म्हटलं असतं तर त्या तिथून हात जोडणार, डोळे मिटणार, आणि म्हणणार, बघा विहीणबाई, पितर पावले. पुण्यातल्या सगळ्या मैत्रिणींना सांगणार. मग ह्यांचं फूल ह्यांचं राहिलं नसतं, त्यांच्या श्राद्धाचं झालं असतं. माझ्या माळावर उगवलं असतं तरी त्यांच्याच पुण्याईने उगवलं असतं.

मी म्हटलं, "नाही हो. कुठलं येतंय इथे."

आणि फोन कुंडीपासून जरा वर धरला. मागे समोरच्या बिल्डिंगवर वाळत टाकलेले कपडे तेवढे दिसले असतील त्यांना.